तीन स्टेशनांचे ताट

मे महिन्यात कोल्हापूरहून माझ्या मावसभावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, अंबरनाथचे देऊळ बघायचे राहून गेले आहे. जूनमध्ये सगळ्यांना घेऊन येतो. महालक्ष्मीने सकाळी कल्याणला उतरू, दिवसभर फिरू आणि रात्रीच्या गाडीने परत. पण जेवायचे कुठे? आमच्याकडे तांबडा-पांढरा आहे, मिसळ आहे. तुमच्याकडे काय आहे?"

प्रश्न साधा होता. मी जन्मापासून अंबरनाथला राहतो, साठी कधीच ओलांडली. तरीही मला पटकन उत्तर सुचले नाही. "घरीच या जेवायला," असे सांगून मी वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मात्र त्याचा प्रश्न डोक्यात फिरत राहिला. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांची वस्ती २०११च्या जनगणनेत मिळून नऊ लाखांच्या वर होती. इतकी माणसे रोज दोन वेळा जेवतात, आणि पाहुण्याला सांगावे असे आपल्याकडे काहीच नाही?

आहे. पण ते सांगायचे तर आधी ही माणसे इथे कशी आली ते सांगावे लागते. श्रोतेहो, आज मला तेच थोडेसे सांगायचे आहे.

प्रवासाचा एक जुना नियम आहे. वाहन जिथे थांबते तिथे खाणे उभे राहते. आमच्या मार्गावर बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली १८५३ साली. १८५४मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५६मध्ये कल्याणहून बदलापूर, कर्जतच्या बाजूने थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत गेले. बोरघाट चढून गाडी वर गेली ती १८६३ साली. घाट चढायचा म्हणजे कर्जतला मागून जादा इंजिने जोडायची. त्याला काही मिनिटे लागतात. त्या काही मिनिटांवर कर्जतच्या बटाटेवड्याचे सगळे नाव उभे आहे.

बदलापूरच्या नावाविषयीही अशीच एक कथा सांगतात. कोकण आणि सुरत या वाटेवरचे स्वार इथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. कथा खरी असो वा नसो, ती गावाला शोभते. घोडा बदलेपर्यंत स्वार कुठेतरी टेकणार आणि तांदळाची भाकरी खाणारच. कारण हा सगळा भाताचा मुलूख. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी ही इथली मूळ माणसे. त्यांचे खाणे म्हणजे भात, तांदळाची भाकरी, नदीतली नाही तर सुकी मासळी, आणि पावसाच्या तोंडावर रानातल्या भाज्या.

या रानभाज्यांना हॉटेलच्या पाटीवर जागा नाही. त्या मिळतात स्टेशनबाहेर, फडके पसरून बसलेल्या बायकांकडे. पहिला पाऊस पडला की शेवळे येतात. शेवळे नुसते शिजवले तर घशाला खाज सुटते, म्हणून त्याबरोबर काकडे नावाची आंबट फळे घालावी लागतात. विकणारी बाई दोन्ही एकत्रच देते. एखादा अजाण शहरी माणूस काकडे नको म्हणाला, तर ती त्याला शेवळेही देत नाही. आमच्या भागातला हा अलिखित कायदा आहे. मागोमाग टाकळा, कुर्डू, भारंगी. त्याआधी मेमध्ये करवंदे आणि मग जांभळे. बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हाला आनंदही झाला आणि थोडे हसूही आले. कारण ज्या झाडांची ही जांभळे, त्या झाडांच्या जागी गेल्या तीस वर्षांत इमारती उभ्या राहिल्या. मान मिळेपर्यंत मानकरी कमी झाले.

थांबलेल्याला जेवू घालायचा आपला धर्म मात्र बदलापूरने सोडलेला नाही. २०१९च्या जुलैमध्ये माझ्या मावसभावाची हीच महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी रात्रभर डब्यांत होते. त्यांना होड्यांतून बाहेर काढले, आणि बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात त्यांच्या खाण्यापिण्याची सोय झाली. घोडे बदलण्याच्या कथेपेक्षा मला ही गोष्ट बदलापूरची खरी ओळख वाटते.

आता अंबरनाथ. आमचे देऊळ शके ९८२मधले, म्हणजे इ.स. १०६०चे. शिलाहार राजा छित्तराज याने ते सुरू केले आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरे झाले. वालधुनी नदीच्या काठी हे शिवालय उभे आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. भर उन्हाळ्यातही खाली गारवा असतो. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, पण तो उपासाचा दिवस. त्यामुळे एवढ्या जुन्या क्षेत्राचा प्रसिद्ध पदार्थ कोणता, तर रताळे आणि साबुदाण्याची खिचडी, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

देवळाच्या मानाने आमचे शहर मात्र अलीकडचे. ते वसले भोंग्यावर. १९२०च्या दशकात स्वीडनच्या कंपनीच्या भांडवलावर इथे काडेपेट्यांचा कारखाना निघाला, तोच विमको. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात संरक्षण खात्याचे कारखाने आले, पुढे रसायनांचे आले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सातारकडच्या एका खेड्यातून अशाच एका कारखान्यात लागले. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन ठेवण्याची सक्ती आणली. त्या कॅन्टीनमध्ये मलबारचा माणूस, पंजाबचा माणूस, आझमगडचा माणूस आणि आमचे अण्णा एकाच बाकावर बसून एकच पातळ आमटी खात. अण्णा म्हणायचे, "त्या आमटीला कुठल्याच गावची चव नव्हती, म्हणून ती सगळ्यांना चालायची." स्टेशनजवळच्या खानावळी, उडप्याचे हॉटेल, सकाळच्या पाळीसाठी पहाटेच पेटणारी चहाची टपरी, हा सारा कारखान्याचा संसार. आमच्या अंबरनाथने चव घडवली नाही, सगळ्यांची सोय केली. त्याचीही मला लाज वाटत नाही.

आता उरले उल्हासनगर. खरे तर पाहुण्याला सगळ्यांत आधी तिथेच न्यायला हवे. पण मी स्वतः तिथे पहिल्यांदा जेवलो तो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. का, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराने एक छावणी उभारली. बराकींच्या रांगाच्या रांगा. युद्ध संपले, छावणी ओस पडली. मग फाळणी झाली. १९४८च्या जानेवारीत कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधल्या हिंदूंचा धीर सुटला. पंजाबची फाळणी झाली तशी सिंधची झाली नाही. तो अख्खा प्रांत पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला आपला म्हणावा असा जमिनीचा एक तुकडाही इकडे उरला नाही. बोटींतून माणसे मुंबईच्या धक्क्यावर उतरली आणि त्यांतली लाखभर या कल्याण कॅम्पात येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली. शेजारच्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण आजही रिक्षावाल्याला "कॅम्प तीन" किंवा "कॅम्प पाच" असेच सांगावे लागते. पंचाहत्तर वर्षे उलटून गेली, तरी बोलण्यातली छावणी उठलेली नाही.

एक गोष्ट आपण विसरतो. हा सिंध आपल्याला अगदीच परका नव्हता. १८४७पासून १९३६पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीत १८५५ साली निघालेली सिंधमधली पहिली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. ते सिंधमध्ये शिक्षण खात्याचे अधिकारी होते. म्हणजे आपला एक माणूस तिकडे गेला तर त्याच्या नावाची शाळा झाली. आणि त्यांची लाखभर माणसे इकडे आली तेव्हा आपण काय केले?

आपण विनोद केले. "मेड इन यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने केला आहे, मीही केला आहे. सुरुवातीला सरकारने दिलेला फुकट शिधा पुढे बंद झाला. तेव्हा निर्वासितांची मुले लोकलच्या डब्यांतून गोळ्या-बिस्किटे विकू लागली, बायका बराकीच्या ओट्यावर पापड लाटू लागल्या. कमी नफ्यावर माल खपवायचा, हे त्यांच्या पोटाचे गणित होते. आपण त्यातून अर्थ काढला, की कॅम्पातला माल म्हणजे नकली. आमच्या घरी अण्णांचा दंडक होता, "कॅम्पात कापड घ्या, भांडी घ्या, पण तिथले काही खायचे नाही." कारण विचारायची पद्धत नव्हती. आमच्या घरापासून तो कॅम्प पायी तासाभराच्या अंतरावर होता.

मग आला २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सर्वांना पाठ आहे. आमच्याकडे उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या फुगल्या. मी कामावरून परतताना कसाबसा कल्याणपर्यंत आलो आणि गाड्या बंद पडल्या. रुळांच्या कडेने आम्ही पंधरा-वीस जण चालत निघालो. विठ्ठलवाडीच्या पुढे पाणी कमरेपर्यंत आले. अंधार पडला. कोणीतरी हाक मारून आम्हाला उंचावरच्या एका दरबारात नेले. दरबार म्हणजे सिंधी समाजाचे प्रार्थनास्थळ. आत शंभरएक भिजलेली माणसे बसली होती.

दारात एक म्हातारी बाई उभी होती. सगळे तिला अम्मा म्हणत होते. तिने माझ्या हातात पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड ठेवला. मला हसू आले. आभाळ फाटले होते, अंगावरून पाणी निथळत होते, आणि ही बाई पाणी आणि पापड देत होती! तिच्या ते लक्षात आले असावे. म्हणाली, "हमारे में पहले पापड-पानी देते हैं, बेटा. फिर पूछते हैं कौन, कहाँ से." सिंधच्या उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी पाणी आणि त्याबरोबर खारट-मिरमिरीत पापड द्यायचा, ही त्यांची रीत. उन्हाळ्याचा मुलूख सुटला, रीत राहिली.

मग ताट आले. भात आणि साई भाजी. साई म्हणजे हिरवी. पालक, आंबट चुका, हरभऱ्याची डाळ आणि हाताला येतील त्या भाज्या एकत्र शिजवून घोटायच्या. आपल्या पातळ भाजीची ही चुलत बहीण. आम्ही शंभर जण जेवलो, आणि "कौन, कहाँ से" हे मला शेवटपर्यंत कोणी विचारले नाही. पहाटे निघताना अम्माने कागदात गुंडाळून तीन कोक्या दिल्या. कोकी म्हणजे कणकेची जाडसर रोटी. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मळायची, आधी अर्धी भाजायची, पुन्हा लाटायची आणि मग तूप सोडून खरपूस करायची. दोन दिवस टिकते, म्हणून प्रवासाची. अम्मा म्हणाली, "जहाज में भी यही खाई थी." तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे तिने काही सांगितले नाही, मीही विचारले नाही.

घरी पोचलो तेव्हा अण्णा दाराशीच बसून होते. मी पुडके त्यांच्यापुढे ठेवले आणि कुठून आणले तेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाले, "थालीपीठच आहे की हे. भाजणीऐवजी कणकेचे, एवढेच." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर त्यांनी विचारले, "ती कालची उरली आहे का?" आमच्या घरातला दंडक असा मोडला. पण मोडायला चाळीस वर्षांहून जास्त काळ लागला.

त्यानंतर मी कॅम्पात खायला जाऊ लागलो, आणि माझ्या लक्षात आले की या माणसांच्या स्वयंपाकात त्यांचा सगळा इतिहास आहे. त्यांची कढी ताकाची नसते. बेसन तेलात खमंग भाजायचे, चिंचेचे किंवा आमसुलाचे आंबट घालायचे, आणि शेवगा, गवार, भेंडी, बटाटा त्यात शिजवायचा. रविवारी दुपारी कढी-भात, हा घरोघरचा नेम. शिळी पोळी उरली तर तिचे तुकडे करून कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात शिजवायचे, त्याला सेयल मानी म्हणतात. आपली फोडणीची पोळी! श्रावणात थदडीच्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे थंड खायचे. आपल्या शीतळा सप्तमीसारखेच. होळीच्या सुमारास दुकानांत घीयर दिसू लागतो, ताटलीएवढी मोठी, किंचित आंबूस जिलबी. चेटीचंडला गोड भात, त्याला ताहिरी म्हणतात. तो सण येतो आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास.

जे आणता आले नाही, तेही जेवणात दिसते. सिंधू नदीतला पल्लो मासा म्हणजे सिंधी माणसाचा जीव की प्राण. त्यांचा झुलेलालही चित्रात माशावरच बसलेला असतो. ती नदी पलीकडे राहिली. म्हातारी माणसे पल्लोविषयी बोलू लागली की आवाज खाली येतो. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांची माणसे गावच्या विहिरीविषयी अशीच बोलतात.

जूनमध्ये मावसभाऊ सहकुटुंब आला. रविवार होता. मी त्यांना कल्याणहून थेट उल्हासनगरला नेले. सकाळची दाल पकवान अकरा वाजायच्या आत खायची, नंतर गेलात तर पातेले रिकामे. पकवान म्हणजे मैद्याची जिरे घातलेली कडक पुरी. तिच्यावर दाट हरभऱ्याची डाळ, हिरवी चटणी, चिंचेची चटणी आणि बारीक कांदा. पुरी मऊ पडायच्या आत संपवायची, त्यामुळे खाताना फार बोलता येत नाही. कोल्हापूरकर मिसळीखेरीज दुसऱ्या कशाला सहसा मानत नाहीत, पण भावाने दुसरी प्लेट मागवली, त्यातच सारे आले. गाडीवरच्या तरुणाला मी विचारले, घरी कोण करते. म्हणाला, "आजी शिकवून गेली. आता आई करते. माझ्या मुलीला पिझ्झा आवडतो." हे तो हसत म्हणाला. मला मात्र ते लागले. बराकी पाडून आता तिथे इमारती झाल्या, मुले शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, सिंधी लिहिता येणारी माणसे कमी होत चालली. भाषेच्या आधी जमीन गेली होती. भाषेच्या मागे चवही जाईल काय?

त्यानंतर आम्ही देऊळ पाहिले. संध्याकाळी बदलापूर स्टेशनबाहेरून पानाच्या द्रोणात जांभळे घेतली, आणि माझ्या वहिनीने कोल्हापूरला न्यायला शेवळ्याच्या चार जुड्या घेतल्या. काकडे न विसरता.

तेव्हा आमच्या गावांत जेवायचे कुठे, असे कोणी विचारले, तर मी आता हॉटेलचे नाव सांगत नाही. सकाळी कॅम्पात जा, दुपारी अंबरनाथच्या कुठल्याही खानावळीत बसा, पाऊस सुरू झाला असेल तर बदलापूरला फडक्यावरची भाजी घ्या. आणि वाढणाऱ्याला दोन शब्द विचारा, तुमचे घर मूळचे कुठले. पण ते ताट संपल्यावर विचारा. आधी पापड-पाणी, मग चौकशी. हा क्रम मी एका पुराच्या रात्री शिकलो, आणि तो चुकवू नये असे मला वाटते.